'स्टारशिप ट्रूपर्स' बघताना अख्ख्या ओटीवर मी एकटाच हसत होतो. सायफाय मारधाडीतला राजकीय टोला लोकांना खरंच कळतो का?

खाडीपल्याड

मंडळी, गणपतीपासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून विचारतो.

मी नोकरीला रत्नागिरीत, घर देवगडच्या बाजूला. तिसऱ्या रात्री आरत्या उरकल्या, भजनवाले पुढच्या घरी गेले, बाहेर धो धो पाऊस, झोपायचं कोणालाच नव्हतं म्हणून पोरांनी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि मला म्हणाली काका तुमच्याकडचा एखादा भारी इंग्लिश पिक्चर लावा. मी 'स्टारशिप ट्रूपर्स' लावला. पॉल व्हरहोव्हनचा, १९९७ चा. ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी थोडक्यात, भविष्यातली पृथ्वी, सगळीकडे एकच सरकार, सैन्यात वगैरे सेवा केली तरच मतदानाचा हक्क मिळतो, आणि दूरच्या ग्रहावरच्या राक्षसी किड्यांशी युद्ध चाललंय. हिरो-हिरॉइन सगळे दिसायला जाहिरातीतल्यासारखे, आणि मधे मधे सरकारी बातमीपट येतात, प्रत्येकाच्या शेवटी स्क्रीनवर विचारतात, अजून माहिती हवी आहे का?

मला हा पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत युद्धज्वराची थट्टा म्हणूनच दिसतो. सुरुवातीचा तो रांगेतले सैनिक एकेक करून कॅमेऱ्याकडे बघून बोलतात तो भाग नाझींच्या १९३५ च्या प्रचारपटावरून उचललाय, मोठ्या अधिकाऱ्यांचे कोट आणि टोप्या बघा, सरळ त्या काळच्या जर्मनीतल्या. एका बातमीपटात लहान मुलं रस्त्यावर साधी झुरळं पायाखाली चिरडतायत आणि बाजूला बाई खुशीत टाळ्या वाजवतेय. आणि भरतीच्या टेबलावरचा तो माणूस! हिरोचा फॉर्म घेतो, लोखंडी हाताने शेकहँड करतो, म्हणतो मी आज जो आहे तो पायदळामुळेच, आणि मग टेबलामागून सरकतो तर त्याला दोन्ही पाय नाहीत.

तिथे मी मोठ्याने हसलो. ओटीवर दहा जण होते, बाकी कोणी हसलं नाही. माझा पुतण्या, बारावी झालाय, भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पाचला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, धावायला जातो, तो माझ्याकडे बघून म्हणाला, काका त्यात हसण्यासारखं काय आहे, त्याने देशासाठी पाय दिले. मी गप्प झालो. पुढे सगळी पोरं प्रत्येक किडा मेला की टाळ्या वाजवत होती, आणि शेवटी तो मेंदूवाला किडा पकडतात, अधिकारी त्याला हात लावून सांगतो की हा घाबरलाय आणि सगळं सैन्य जल्लोष करतं, तेव्हा आमची ओटीपण त्यांच्याबरोबर ओरडली.

पोरं मूर्ख नाहीत हो. हुशार आहेत सगळी. मग हे होतं कसं? व्हरहोव्हन कमी पडला, की आपल्याला असं बघायची सवय नाही, की मारधाडीचा वेगच असा असतो की बाकी काही आत शिरत नाही? तुमचे अनुभव सांगा. मला हे मनापासून समजून घ्यायचंय कारण त्या रात्री पुतण्याला काय बोलायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही.

हां, एक राहिलं. आमचे मोठे काका, पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, कोपऱ्यात पान लावत बसले होते. किड्यांच्या ग्रहावर पहिली स्वारी होते ना, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तोफखाना खय? रणगाडे खय? नुसती पोरां पुढे सोडल्यानी," आणि उठून झोपायला गेले.

रानसुरंगी

खाडीपल्याड दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही शेवटच्या चार ओळीत स्वतःच दिलंत बघा. काकांनी ओळखलं की! त्यांनी विडंबन हा शब्द वापरला नाही एवढंच. ज्याने खरं सैन्य बघितलंय त्याला लगेच दिसलं की यातले जनरल पोरं मरायला पाठवतायत. त्याच स्वारीनंतर बातमीत येतं ना, एका तासात एक लाख मेले. पुतण्याने सैन्य अजून पोस्टरवरच बघितलंय, आणि पिक्चर त्या पोस्टरचीच नक्कल करतोय, मग त्याला ते पोस्टरच वाटणार ना.

मी कुडाळची. आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो, लहानपणी आजीच्या मांडीवर बसून पहाटेपर्यंत बघायचे. आख्यान सुरू व्हायच्या आधी पूर्वरंगात संकासुर येतो, काळा वेष, लाल जीभ, मालवणीत बोलतो. त्याने ब्रह्मदेवाचे वेद चोरलेत अशी गोष्ट. लिहिलेली संहिता नसतेच, जे बोलायचं ते उभ्या उभ्या. एका वर्षी आमच्या वाडीतला रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला होता. संकासुर भटजीला म्हणाला, "वेद मिया चोरलंय ह्या खरा, पण रस्त्याची खडी कोणी चोरल्यान रे भटा?" पुढे एक अक्षर बोलला नाही, नुसता पहिल्या रांगेकडे बघत उभा राहिला. पहिल्या रांगेत ठेकेदार बसलेला. अख्खं देऊळ हसलं, माझी आजी हसली जिला सही करता येत नव्हती, आणि ठेकेदारालाही हसावं लागलं.

आता तोच संकासुर पुण्यात नेऊन तोच डायलॉग म्हणायला लावला तर लोक म्हणतील छान आहे हो लोककला, वेशभूषा किती सुंदर. खडी कोणाला कळणार? टोला कळायला समोर बसलेला ठेकेदार माहीत असावा लागतो.

व्हरहोव्हनचं तेच. तो जन्मला ॲमस्टरडॅमला १९३८ मध्ये आणि लहानपण गेलं द हेगमध्ये, जर्मनांच्या ताब्यात असताना. ते कोट, त्या टोप्या, ते बातमीपट त्याने लहान मुलाच्या उंचीवरून बघितलेत. त्याच्यासाठी तो पहिल्या रांगेतला ठेकेदार आहे. देवगडच्या ओटीवर बसलेल्या पोराला तो कोट म्हणजे नुसता भारी कोट. त्याला पोराचा काय इलाज, आणि व्हरहोव्हनचा तरी काय?

म्हणून माझं स्पष्ट मत असं की प्रेक्षक विडंबन ओळखतातच, ज्याची नक्कल चाललीय तो ओळखीचा असला की लगेच, शिकलेला असो की नसो. आपल्या माणसांना टोमणा कळत नाही हे मला कोणी सांगू नये, कोकणात तर नाहीच नाही.

चाकरमानी_डोंबिवली

ताई, संकासुराचं वाचून अंगावर काटा आला, पण पूर्ण पटलं नाही. अमेरिकेतल्या शिकलेल्या समीक्षकांना तरी कुठे कळलं? १९९७ ला पिक्चर आला तेव्हा वॉशिंग्टन पोस्टसारख्या पेपरात त्यावर फॅसिस्ट असल्याचा आरोप झाला. त्यांना तो कोट चांगला माहीत होता, ओळखलापण, आणि तरी त्यांना वाटलं की दिग्दर्शक कोटाच्या बाजूने आहे. म्हणजे ठेकेदार माहीत असून भागत नाही. संकासुर कोणाच्या बाजूचा आहे हेपण माहीत लागतं. तुमच्या देवळात तो गावातलाच होता हो.

वर त्या पिक्चरची अजून एक भानगड, मूळ कादंबरी रॉबर्ट हाइनलाइनची, १९५९ ची, आणि ती अजिबात थट्टा नाही, जो सेवा करेल त्यालाच मत हा विचार त्यात गंभीरपणे मांडलाय. व्हरहोव्हनने कादंबरीचा सांगाडा घेतला आणि अर्थ उलटा केला. म्हणजे कादंबरीचे चाहते एका कारणाने चिडले आणि समीक्षक बरोबर उलट्या कारणाने. एवढी मोठी माणसं गोंधळली तर पुतण्याला कशाला दोष.

मी तरी दिग्दर्शकालाच धरीन. दोन तास पोरांना मजा द्यायची आणि मग म्हणायचं मजा आली हीच तुमची चूक, हे बरोबर नाही. एक तरी पात्र पाहिजे होतं ज्याला हे सगळं खुपतंय.

कातळशिल्प

चाकरमानी भाऊ, तसं पात्र टाकलं की मग प्रेक्षक त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून निवांत होतो. तो शहाणा, म्हणून मीपण शहाणा. व्हरहोव्हनने ती सोय ठेवली नाही, आणि मला तेच आवडतं. प्रचार बघताना माणसाला बरं वाटतं, छाती फुगते, म्हणून तर तो चालतो. प्रचार कसा चालतो हे दाखवायचं तर बघणाऱ्याची छाती एकदा फुगायलाच हवी.

मी व्हिडिओ एडिटिंग करतो, लग्नं, वाढदिवस, अधूनमधून प्रमोशनच्या फिल्म. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एक प्रकल्प येणार होता, कंपनीचं नाव काढत नाही. जनसुनावणीच्या आधी त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून फिल्म दाखवली. हिरवीगार झाडं, हेल्मेट घातलेली हसरी मुलगी, ड्रोनवरून समुद्र, मागे बासरी, आणि एक आवाज सांगतोय की तुमची प्रगती हीच आमची प्रगती. मी मागे उभा राहून बघत होतो आणि मला खरंच छान वाटलं, धंद्याच्या नजरेने शॉट मोजत असूनही वाटलं. मग माझ्या शेजारचे एक आंबा बागायतदार हळूच म्हणाले, ह्यात आमचा कातळ कुठे दिसतोय? फिल्ममध्ये समुद्र होता, झाडं होती, पण ज्या सड्यावर ते सगळं होणार तो सडा एका फ्रेममध्ये नव्हता. त्यानंतर मी ती फिल्म परत त्या नजरेने बघूच शकलो नाही.

त्याच आठवड्यात कधीतरी 'रोबोकॉप' परत बघितला, याच व्हरहोव्हनचा, १९८७ चा. पूर्वी कॉलेजात बघितला होता तेव्हा मला तो फक्त लोखंडी पोलीस आणि धडाधड गोळ्या असाच आठवत होता. यावेळी कंपनीच्या बोर्डरूमचा सीन बघून मी सुन्न झालो. डेट्रॉइटचं पोलीस खातं चालवायला घेतलेली कंपनी, नवीन यंत्रमानवाचा डेमो चाललाय, एका ज्युनियर माणसाच्या हातात पिस्तूल देऊन यंत्रावर रोखायला सांगतात, यंत्र म्हणतं पिस्तूल खाली टाक, तो टाकतो, आणि यंत्राला ते कळतच नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याची चाळण करतं. माणूस मॉडेल शहराच्या पांढऱ्या इमारतींवर पडलेला, आणि यंत्रवाला साहेब म्हणतो किरकोळ बिघाड आहे. मोठा मालक भडकतो, पण कशावरून? बांधकाम सहा महिन्यांवर आलंय, नुसत्या व्याजाचेच पाच कोटी डॉलर जातील म्हणून. मेलेल्या पोराबद्दल एक शब्द नाही. आणि ते लोखंडी पोलिसाच्या डोक्यात घातलेलं चौथं कलम, की कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करता येणार नाही. शेवटी मालक त्या यंत्रवाल्या साहेबालाच तुला कामावरून काढलं असं ओरडतो तेव्हा कुठे रोबोकॉपचा हात मोकळा होतो. म्हणजे न्याय मिळायलासुद्धा मालकाची परवानगी.

कॉलेजात असताना मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. पिक्चर तोच, मधे फक्त ती शाळेच्या हॉलमधली फिल्म बघून झाली होती. म्हणून मला सुरंगीताईंचं पटतं, पण थोडं पुढे जाऊन म्हणेन की ठेकेदार आधी माहीत नसला तरी नंतर भेटतो, आणि पिक्चर तोपर्यंत डोक्यात कुठेतरी पडून राहतो. ओटीवरच्या त्या रात्रीचा हिशोब लगेच करू नका.

बाकी बाजार काय करतो तेपण बघा. एवढा रक्तबंबाळ पिक्चर, सेन्सॉरकडे परत परत कापाकापी करायला लागलेला, आणि १९८८ मध्ये त्याचीच लहान मुलांची कार्टून मालिका निघाली. कंपन्यांवरचा राग बाजूला राहिला आणि लोखंडी हिरो तेवढा उरला. यात प्रेक्षकाची चूक मला दिसत नाही.

खाडीपल्याड

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरंगीताई, काकांचं म्हणणं मी नुसतं गंमत म्हणून लिहिलं होतं, तुम्ही दाखवल्यावर परत वाचलं आणि मलाच हुरहुर लागली. त्यांच्याशी बोलायला हवं होतं त्या रात्री.

कातळशिल्प, तुमचा तो बागायतदारांचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय.

रापणकर

मालवणचा आहे. घरात मासेमारी, मी स्वतः आता दुकान चालवतो पण भाऊ अजून जातो.

विडंबन नाही पण जवळचंच एक सांगतो. जपानचा पहिला 'गॉडझिला', १९५४ चा, काळा-पांढरा. आपल्याकडे गॉडझिला म्हणजे बिल्डिंगी पाडणारं मोठं जनावर एवढंच, पोरांच्या टीशर्टवर असतं ते. मी तो भावाबरोबर बघितला. सुरुवातीलाच एक जहाज, माणसं आपली निवांत बसलेली, कोणी वाजवतोय, आणि समुद्रातून एकदम लख्ख उजेड, आणि जहाज जळून बुडतं. मग बंदरावरच्या ऑफिसात घरच्यांची गर्दी, आमचा माणूस कुठे आहे सांगा म्हणून. भाऊ तोपर्यंत चेष्टा करत होता, तिथे गप्प झाला. म्हणाला, "ह्या खरा घडलेला असा काय?" वादळात बोट अडकली की आमच्याकडे बंदरावर अशीच माणसं जमतात, तसाच आवाज असतो त्यांचा.

आणि खरंच घडलेलं होतं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा तिथून लांबवर जपानी टूनाची एक बोट होती, दाइगो फुकुर्‍यू मारू, २३ माणसं. अंगावर पांढरी राख पडली, सगळे आजारी पडले, बोटीवरचा रेडिओवाला सप्टेंबरमध्ये गेला. जपानभर लोक मासे घ्यायला घाबरायला लागले. आणि नोव्हेंबरमध्ये हा पिक्चर लागला. म्हणजे थिएटरात बसलेल्या माणसाला राक्षस म्हणजे काय हे कोणी सांगायची गरजच नव्हती, वर्षभर पेपरात तेच वाचलेलं.

तोच पिक्चर १९५६ ला अमेरिकेत दाखवला तेव्हा कापून, मधे एक अमेरिकन पत्रकार घुसवून दाखवला, आणि बॉम्बचं बरंचसं गेलं. राहिलं काय तर जनावर.

माझा भाऊ आठवी नापास आहे. त्याला कळलं कारण त्याला बोट माहीत आहे. एवढंच मला सांगायचं होतं.

वेंगुर्ल्याचा_काजू

सगळ्यांचं वाचलं, एकदम मनातलं बोलताय. पण चाकरमानी भाऊंच्या मुद्द्यावर एक. ते म्हणतात दिग्दर्शकाने स्पष्ट करावं. जॉन कारपेंटरचा 'दे लिव्ह' बघा, १९८८ चा. त्यात हिरो काळा चष्मा घालतो आणि जाहिरातींच्या पाट्यांखालचा खरा मजकूर दिसायला लागतो, आज्ञा पाळा, विकत घ्या, विचार करू नका. श्रीमंत माणसं म्हणजे वेष घेतलेले परग्रहवासी. यापेक्षा स्पष्ट काय करणार अजून, अक्षरशः लिहून दाखवलंय. तरीपण काही वंशद्वेष्ट्यांनी त्याचा अर्थ ज्यूंच्या विरोधात लावला, आणि २०१७ मध्ये कारपेंटरला स्वतः ट्विटरवर सांगावं लागलं की पिक्चर पैशाच्या मोकाट हावेवर आहे, ज्यूंशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे म्हणणं खोटं आहे.

म्हणजे स्पष्ट केलं तरी ज्याच्या मनात आधीच एक ठेकेदार ठरलाय तो त्यालाच तिथे बसवतो. मला याची भीती न कळण्यापेक्षा जास्त वाटते. तुमच्या पुतण्याने निदान जे दिसलं ते बोलून दाखवलं, आपलं काही त्यात घुसवलं नाही.

चाकरमानी_डोंबिवली

काजू भाऊ, हे माहीत नव्हतं. मग स्पष्ट करण्याचा माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच. एक पात्र तरी हवं होतं असं मला अजून वाटतं.

रानसुरंगी

चाकरमानी भाऊ, एक पात्र आहे की! हल्ल्याच्या आधी एक वार्ताहर कॅमेऱ्यासमोर म्हणतो की काही लोकांचं म्हणणं आहे की आपणच त्या किड्यांच्या हद्दीत घुसलो म्हणून ते खवळले, त्यांना त्यांचं जगू द्यावं. त्याचं वाक्य संपतंय न संपतंय तोच हिरो मधे घुसतो, मी ब्यूनोस आयरेसचा आहे (अवकाशातून दगड पडून बेचिराख झालेलं त्याचं शहर) आणि मी म्हणतो सगळ्यांना मारा. आणि सगळे आरडाओरडा करतात. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. खाडीपल्याड दादा, पुतण्याला तेवढंच परत दाखवा, बाकी काही सांगू नका.

खाडीपल्याड

दाखवलं. म्हणजे मी इथे रत्नागिरीत आणि तो गावी, म्हणून फोनवर सांगितलं की अमुक ठिकाणी जा आणि तेवढंच बघ. आधी कंटाळला, म्हणाला काका अभ्यास आहे, ग्राउंड आहे. रात्री साडेदहाला त्याचा परत फोन. बघितलं म्हणाला, तीनदा बघितलं. मग म्हणाला, काका, ब्यूनोस आयरेसवर तो दगड किड्यांनीच टाकला हे पिक्चरमध्ये कोण सांगतं?

म्हटलं, बातम्या.

थोडा वेळ काहीच बोलला नाही, मागे पावसाचा आवाज येत होता. मग विचारलंन, आणि तो टेबलावरचा माणूस, त्याला पाय नाहीत ते हिरोला दिसतं, मग तो सही करून झाल्यावर तिथून पळून का जात नाही?

यावर मला काय बोलावं कळेना. त्याला भरतीपासून परावृत्त करायचं माझ्या मनात अजिबात नाही, आमच्या घरात तीन पिढ्या सैन्यात आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हटलं हे तू मोठ्या काकांना विचार, आत्ता जागे असतील तर आत्ताच विचार. फोन चालूच ठेवून तो पडवीत गेला. काकांचा अडकित्ता वाजत होता तो थांबलेला मला ऐकू आला, आणि मग काका म्हणाले, "बस हय. फोन ठेव आधी."

फोन ठेवलान त्याने.